कुकरमधले तीन फोन

आमच्या घरी पैशाचा विषय निघाला की आधी फोन कुकरमध्ये जातात. चेष्टा नाही करत. हे स्वतः तिघांचे फोन गोळा करतात, मोठ्या कुकरात ठेवतात, झाकण लावतात आणि मग दबक्या आवाजात म्हणतात, "हं, बोला आता." फोन सगळं ऐकतो, असं यांचं म्हणणं. अहो, ऐकू दे की! आमच्या घरात ऐकण्यासारखं असतं तरी काय? दुधाचे पैसे आणि माझ्या भाच्याचं रखडलेलं लग्न.

हे म्हणजे श्रीपाद दातीर. मूळचे संगमनेरचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, बदल्या होत होत आता चंदीगडला. ऑफिस सेक्टर १७ ला, क्वार्टर सेक्टर २२ ला. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे माणूस समोर आला की यांना आधी त्याची लबाडी शोधायची असते. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर आडवी रेघ मारून 'फक्त गॅस कनेक्शनसाठी' असं लिहून देणार. मंडळाच्या गणपतीची वर्गणी 'एक हितचिंतक' म्हणून देणार, का तर आकड्यावरून कोणी पगाराचा अंदाज बांधेल. मी म्हणते, सरकारी पगार सगळ्या जगाला ठाऊक असतो, लपवताय काय कप्पाळ? पण ऐकतील तर शपथ.

बरं, हा संशय घरातही चालायचा. आमची अवनी मोहालीला नोकरी करते. जन्म देहरादूनचा, शाळा चार गावांत. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. गेल्या जानेवारीत धुकं असं पडलं की आठवडाभर ऊन नाही. माझे टॉवेल दोरीवर कुबट झाले. अवनी म्हणाली, "आई, दे दो, मैं सुखा लाती हूँ," आणि बोचकं घेऊन गेली. संध्याकाळी सगळे कपडे कडकडीत वाळलेले, वर गरम! मी खूश. यांनी मात्र टॉवेल हातात घेऊन वास घेतला.

"हे वाळवले कुठे?"

"वाळले ना? झालं तर मग."

"पद्मिनी, या धुक्यात कपडे वाळतात आणि तुला काहीच वाटत नाही?"

पुढच्या शनिवारी हे चक्क रिक्षा करून पोरीच्या मागे गेले. बापाने लेकीचा पाठलाग करायचा म्हणजे कमाल झाली! ती पोचली इंडस्ट्रियल एरिया फेज टूमधे, मैत्रिणीच्या वडिलांच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधे. हे तिच्या पाठोपाठ आत घुसले. आत मांडणीवर यंत्रं, कानठळ्या बसवणारे पंखे, उन्हाळ्यासारखी धग, आणि मधे बांधलेल्या दोरीवर माझा गाऊन.

क्रिप्टोचं मायनिंग होतं ते. ती यंत्रं दिवसरात्र कसलीशी आकडेमोड करत बसतात आणि त्याबद्दल आभासी नाणी मिळतात, ती विकली की खरे पैसे. अवनीने पगार साठवून यंत्रं घेतली होती. चोरी नाही, काही नाही. आम्हाला सांगितलं नव्हतं एवढंच, आणि का सांगितलं नव्हतं ते मी तिला विचारलंही नाही.

त्या रात्री फोन कुकरात. मला वाटलं, हे बंद करायला लावतील. पण यांचं डोकं भलतीकडेच चाललं. "तुझ्या नावावर ठेवू नकोस," हे म्हणाले. "लग्नाची मुलगी. कमाई कळली की नाही नाही ते लोक मागे लागतील. नाणी विकायचं खातं माझ्या पॅनवर काढ. कर मी भरीन, अगदी चोख." आणि भरलाही. सरळ तीस टक्के, त्यातून यंत्रांचं वीजबिलही वजा होत नाही. यांनी त्यावर हूं की चूं केलं नाही. अवनी म्हणाली होती, "बाबा, आपके ऑफिस में बताना नहीं पड़ेगा?" खरं होतं तिचं. सरकारी माणसाने पगाराबाहेरचा असला उद्योग ऑफिसला कळवायचा असतो, हे यांना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक. पण कळवलं तर तो कागद चार टेबलांवरून फिरणार, चार जण वाचणार. नाही कळवलं.

आणि या नोव्हेंबरात ऑफिसचा मेमो आला. नाण्यांचं हे उत्पन्न कुठून आलं, परवानगी का घेतली नाही, खुलासा द्या. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. चौकशी लांबली तर पेन्शन अडकणार. मी पासबुक काढून घरखर्चाचा हिशेब मांडत बसले. यांना मात्र पेन्शनपेक्षा एकच ध्यास, सांगितलं कोणी? आधी खालच्या सुरेखाताई, कारण त्यांनी एकदा अवनीला 'आजकल कहाँ रहती हो' विचारलं होतं. मग वर्कशॉपवाला. मग शेजारच्या टेबलावरचा माणूस, ज्याच्याबरोबर बारा वर्षं डबा खाल्ला. त्याच्याशी बोलणं बंद. जेवण जाईना, झोप नाही, दाराचं कुलूप ओढून ओढून कडी सैल झाली.

एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. हे ओट्याशी येऊन उभे राहिले. माझा फोन यांनी उचलला होता. माझ्या फोनला कुलूप नव्हतं कधी.

"तू संगमनेरला कोणाला बोलली नाहीस ना? वहिनीला वगैरे?"

मी लाटणं खाली ठेवलं. तीस वर्षं या माणसाबरोबर गावोगाव ट्रंका भरल्या आणि सोडल्या. "नाही," म्हटलं. मी आणखी काही बोलले असते तर लाटणंच फेकलं असतं.

"मग ठीक आहे," म्हणाले आणि फोन बघतच बाहेर गेले.

खुलाशाच्या दिवशी अवनी हट्टाने बरोबर गेली. हे नको नको म्हणत होते, पण तिने साहेबांना सरळ सांगितलं, यंत्रं माझी, पैसा माझा, बाबांचं फक्त नाव. बिलं पुढे ठेवली. साहेब सज्जन. म्हणाले, कर भरलेला आहे, ताकीद देऊन मिटवतो, खातं मुलीच्या नावावर करून घ्या. पेन्शन वाचली. तरी हे उठेनात. "सर, शिकायत किसने की?"

साहेबांनी फाइल फिरवून यांच्यासमोर धरली. यांचाच अर्ज! नोकरीत आयुष्यभर कर पगारातूनच कापला गेलेला. कर उशिरा भरला तर व्याज लागेल या धास्तीने यांनीच पगार शाखेला लिहून दिलं होतं, की नाण्यांचं उत्पन्न आहे, त्याचा कर माझ्या पगारातून कापावा. खाली सही, तारीख. कागद पगार शाखेतच राहील असं धरून हे तो विसरूनही गेले होते. पगार शाखेने कर कापला आणि अर्ज रीतीप्रमाणे पुढे पाठवला. तक्रार कोणीच केली नव्हती.

घरी येऊन यांनी हे सगळं मला सांगितलं, मान खाली घालून. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही सगळ्या गावावर संशय घेतलात. मलाही विचारलंत. स्वतःला तेवढं विचारायचं राहिलं."

"चुकलो गं," म्हणाले. खरंच म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं. मी चहा ठेवला, आलं घालून, यांना आवडतो तसा. शेजारच्या टेबलावरच्या त्या मित्राकडेही यांना पाठवलं.

आता कुकरात फक्त डाळ शिजते. फोन टेबलावर असतात. माझ्या फोनला मात्र मी कुलूप लावलंय. आकडा मी यांना सांगितलेला नाही, आणि यांनी अजून विचारलेला नाही.