बारा ठिपके आणि एक देवघर

शिवयोगीला कुणी विचारलं, "सध्या काय करता?" तर उत्तर द्यायच्या आधी तो एकदा वर बघतो. ही कॅमेऱ्यांची सवय. नऊ वर्षं त्यानं सोलापुरातल्या दुकानांना आणि बंगल्यांना सीसीटीव्ही बसवले. इतकी वर्षं शिडीवर काढली की माणूस छताशीच बोलायला लागतो. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. शाळेत तो हुशार नव्हता, पण वर्गातला पंखा बंद पडला की सर फळा सोडून त्याच्याकडे बघायचे.

त्याला शिडीवरून उतरवलं बारदानाचे व्यापारी सिद्धेश्वरअण्णा यांनी. अण्णांचा टेम्पो गोदामातून चोरीला गेला. शिवयोगीच्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं. चोराची टोपी, चोराची चप्पल, इतकंच काय, जाताना त्यानं गेट नीट लावून घेतलं तेसुद्धा. शिवयोगी अभिमानानं दाखवत होता. अण्णांनी तीनदा बघितलं आणि म्हणाले, "गेला ते दिसलं रे. कुठं गेला ते दाखव की."

शिवयोगीनं वर बघितलं. तिथं त्याचाच कॅमेरा होता.

मग तो जीपीएसच्या नादी लागला. काडेपेटीहून जरा मोठा डबा, आत सिमकार्ड आणि छोटी बॅटरी. डॅशबोर्डखाली बसवला की मोबाइलच्या नकाशावर गाडीचा ठिपका दिसतो. पळती गाडी हिरवी, थांबलेली लाल, डबाच बंद पडला तर करडी. कॅमेऱ्याचं दुकान त्यानं मेहुण्याच्या हवाली केलं. त्याच्या बायकोनं, चंद्रिकावहिनींनी, विचारलं, "आधी निदान चोर तरी दिसायचे. आता काय दिसणार?"

"ठिपके," शिवयोगी म्हणाला.



वर्षभर सुटे टेम्पो आणि शाळेच्या व्हॅन करत शेवटी मोठं गिऱ्हाईक मिळालं. अकलूजकडचे बापूसाहेब, दूध डेअरीचे मालक, साठ गाड्या. त्यांची अट सरळ होती. बारा गाड्यांना डबे लावा, पंधरा दिवस बघतो, पटलं तर साठही तुमच्या. नाही पटलं तर शिवयोगीला मेहुण्याच्या दुकानात, त्याच शिडीवर परत जायचं होतं. हिशेब त्यालाही पाठ होता आणि मेहुण्यालाही. शिडी मेहुण्यानं विकली नव्हती.

चौदा दिवस ठिपके शहाण्यासारखे वागले. पंधरावा दिवस नेमका खंडेनवमीचा. सकाळी दहाला बापूसाहेब निकाल देणार होते, म्हणून आम्ही पहाटेच त्याच्या जुन्या कारनं निघालो. निघायच्या आधी शिवयोगीनं घरी ड्रिल मशीन, पक्कड आणि पेचकस पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं. सात वाजता चहाला थांबलो तेव्हा त्यानं नकाशा उघडला आणि चहा तसाच राहिला.

बाराही ठिपके लाल. बाराही एकावर एक. त्याखाली बापूसाहेबांचं घर.

"संप असेल," मी म्हणालो.

"मालकाच्या घरात घुसून?"

त्यानं डबे बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, सगळे डबे उत्तम चालू आहेत. मग त्यानं डेअरीच्या बिरप्पा ड्रायव्हरला फोन लावला.

"कुठं आहात?"

"वेळापूरला हाय की. दूध भरतोय."

"पण नकाशावर तुम्ही साहेबांच्या घरी दिसताय."

 बिरप्पा काळजीनं म्हणाला, "आसं म्हणता? मग हितं कोन हाय?"

शिवयोगीनं फोन ठेवला. गाडीत त्यानं सॅटेलाइटवर, पावसाळी हवेवर आणि थोडा माझ्यावरही संशय घेऊन बघितला. मला तर आपण तरी नक्की कुठं आहोत याची खात्री वाटेना.

बापूसाहेब घरी नव्हते, डेअरीत पूजा उरकून येणार होते. त्यांच्या आई सारजाबाई दारातच भेटल्या. शिवयोगीनं चाचरत डब्यांचं विचारलं.

"ते व्हय? या की आत."

देवघरासमोर पाटावर पान्हे, जॅक, ग्रीसची बंदूक आणि त्यांच्या मधोमध बारा काळे डबे. प्रत्येकावर कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. आदल्या संध्याकाळी सणासाठी गाड्या धुतल्या, तेव्हा पाणी जाऊ नये म्हणून मिस्त्रीनं डबे सोडवले आणि हत्यारांच्या पाटीत घालून घरी पाठवले. ड्रायव्हरांना पत्ताच नव्हता.

शिवयोगीनं हात पुढं केला.

"आं! आज हत्यारं उचलायची न्हाईत. उद्या दसरा झाला की न्या."

"आई, ही हत्यारं नाहीत हो."

"मग काय हायत?"

सकाळी स्वतःच्या ड्रिल मशीनला हात जोडून आलेला माणूस काय सांगणार! त्यानं वर बघितलं. वर देवाची तसबीर होती.

एवढ्यात मोबाइलवरचा एक ठिपका करडा झाला. आतल्या बॅटऱ्या संपायला लागल्या होत्या. दुसरा गेला. तिसरा गेला. शिवयोगीचा एक डोळा मोबाइलवर आणि एक दारावर. बापूसाहेब आले तेव्हा सात उरले होते.

त्यांनी मोबाइल घेतला. नकाशा बघितला, पाट बघितला, पुन्हा नकाशा बघितला.

"म्हंजे ह्यो बरोबर सांगतोय."

"हो साहेब."

"गाड्या कुटं हायत?"

"ते... नाही माहीत."

"डबा सोडवला तवा तुमाला कळलं न्हाई?"

इथं थाप मारायला जागा होती. सारजाबाई फूल सरळ करत होत्या. शिवयोगी म्हणाला, "वायर सुटली की मोबाइलवर निरोप येतो, साहेब. मीच ते निरोप बंद करून ठेवले होते. कॅमेऱ्याच्या धंद्यात वीज रोज जायची, असे निरोप बघायचे नाहीत अशी सवय लागली. चूक माझी."

बापूसाहेब मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. "निरोप चालू करा. आन ते आईच्या मोबाइलवर बी येऊ द्या. गाडीची वस्तू घरात आली की पयलं तिलाच कळाय पायजे."

"म्हणजे साहेब..."

"साठ म्हनलं हुतं न्हवं? परवा बसवा. उद्या दसरा हाय."

परतीच्या वाटेवर शिवयोगीनं टेंभुर्णी मागं टाकली. मग म्हणाला, "डबे चालले म्हणून काम मिळालं, का चूक कबूल केली म्हणून?"

"पूजा झाली म्हणून," मी म्हणालो.

तो चिडला नाही, त्यानं वर बघितलं. कारच्या छताकडे. मी म्हटलं, बाबा, रस्त्याकडे बघ.

आज साठ गाड्या फिरताहेत. ते बारा डबे अजून ओळखू येतात, कारण त्यांच्यावरचं कुंकू पुसायचं धाडस त्याला झालेलं नाही. आणि मेहुण्याकडची शिडी विकायला सांगायचंही.