खालून पहिला नंबर

कुवेतमधल्या अहमदीत तेल कंपनीच्या जुन्या बंगल्यांपैकी एकात माझे साहेब एकटेच राहत. इंग्रज, साठीला टेकलेले, बायको वारलेली. मी नाशिकहून येऊन त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा आखाती युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. शनिवारी ड्यूटी सुटली की ते मला गाडीत घालून घरी न्यायचे. त्यांच्या गावच्या फुटबॉल क्लबचा निकाल रेडिओवर लागायचा, आणि खरखर कमी करायला एरियलची तार कुणीतरी खिडकीशी धरून उभं राहावं लागे. तो मी.

गाव सूतगिरण्यांचं. गिरण्या बंद पडलेल्या. क्लब सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये, तिथेही बहुतेक खालून पहिला.

मला फक्त क्रिकेट कळायचं. एकदा मी म्हणालो, "साहेब, एखादी जिंकणारी टीम का नाही धरत?"

आई बदलून घ्या म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे तिथे," एवढंच म्हणाले.

निवेदकाच्या आवाजावरूनच निकाल कळायचा. दुसऱ्या टीमचं नाव घेताना त्याचा आवाज चढला की आम्ही हरलेलो असायचो. हे ओळखायला मी लवकर शिकलो. आणि 'आम्ही' कधी म्हणायला लागलो, ते मलाही कळलं नाही.

त्या वर्षी शेवटच्या नंबरावर राहणारी टीम लीगमधूनच बाहेर जाणार होती. मे महिन्यातला शेवटचा सामना जिंकलाच पाहिजे, बरोबरी चालणार नव्हती. माझी बायकोही कांदाभजी घेऊन आली. रेडिओवर मोठ्या टीमच्या मॅचची कॉमेंटरी चालू होती, मधूनमधून बाकीचे स्कोअर सांगत. हाफटाइमला आमचा एक गोल झालेला. साहेब खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. मग बरोबरी झाल्याचं कळलं. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी निकाल वाचले गेले, तेव्हा निवेदकाचा आवाज ना चढला ना पडला. बरोबरीच राहिली होती.

साहेबांनी रेडिओ बंद केला, एक भजं उचललं, खाल्लं आणि बायकोला म्हणाले, "छान झालीत." मग तिच्यासमोरच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अहो, पाणी द्या ना त्यांना," बायको मला म्हणाली. मी तार धरूनच उभा होतो.

पुढच्या सीझनला त्या खालच्या लीगचे निकाल रेडिओवर लागेनात. तरी साहेब शनिवारी मला घरी न्यायचे. आम्ही नुसते बसायचो. ते भावाला फोन लावायचे, पण भावाने मैदानावर जाणंच सोडलं होतं.

मग ते रिटायर झाले. नोकरी संपली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपतो, मग तुम्ही इथे कितीही वर्षं काढलेली असोत. विमानतळावर म्हणाले, "मैदानाच्या जवळच घर बघितलंय."

काही वर्षं दिवाळीला मी फोन करायचो. ते प्रत्येक मॅचला जात. बरोबर बसणारे एकेक करून कमी होत होते. अहमदीत आमच्याकडे इंटरनेट आलं, तेव्हा मुलीला म्हटलं, बघ गं आपला क्लब. ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, "बाबा, दे आर फिनिश्ड." क्लब मोडला होता. मैदानावर मोठं दुकान होणार होतं.

मी लगेच फोन लावला.

"खिडकीतून दिसतं," साहेब म्हणाले. "स्टँड पाडतायत."

"मग शनिवारी काय करता?"

"कपडे धुतो." मग त्यांनी विचारलं, "तू कधी परत जाणार?"

"रिटायर झालो की. नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवलाय."

"तिथे कोण आहे?"

आई-वडील गेले होते. मुलगी तिकडे राहणार नाही म्हणत होती. "तसं कुणी नाही," मी म्हणालो.

"मग जमेल तितकं लांबव," ते म्हणाले.

पुढच्या दिवाळीला त्यांचा नंबर लागला नाही. भावाचा माझ्याकडे नव्हता. बायको म्हणाली, "बदलला असेल नंबर." मी हो म्हटलं.