रूथबाईंच्या खिडकीतला गळ

रूथबाई गेल्याचं मला अमोलने कळवलं नाही. अमोल म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली आणि बाईंनीच त्याला वाढवलं. मी करी रोडवरून बांगडे घेऊन घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि त्यांच्या चर्चमधल्या एका बाईंचा फोन आला. प्रार्थनेला मी मागच्या बाकावर बसले. अमोल समोरून गेला, पण त्याने मान वळवली नाही. राग होता त्याचा माझ्यावर. का होता, ते सांगायचं तर शाळेपासून सुरुवात करायला हवी...

परळच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी बसलो. त्या इतिहास शिकवायच्या, मी गणित. मी लालबागची मालवणी, तोंडाने फटकळ. त्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती, बोलणं संथ, पण चिमटा असा काढायच्या की घरी गेल्यावर कळावं. दिवाळीत माझा फराळ त्यांच्याकडे, नाताळात त्यांच्या करंज्या माझ्याकडे. "शैला, तुझी चकली दातांशी भांडते गं," म्हणायच्या आणि डबा संपवायच्या. मधल्या सुट्टीत पोरं मैदानात धुमाकूळ घालत असायची आणि ह्या चष्मा सावरत ग्रीक वाचत बसायच्या. नवा करार मुळातून वाचायचा म्हणून एका वयस्कर पाळकांकडे शिकल्या होत्या. मी चिडवायचे, "का हो बाई, देवाला तुमचं मराठी कळत नाही?" त्या म्हणायच्या, "त्याला कळतं गं. त्याचं मला नीट कळावं म्हणून हा खटाटोप."

मग माझी आई आजारी पडली. आमच्याकडे एक रीतच आहे. रिपोर्ट हातात आला की नातेवाईक हॉस्पिटलच्या जिन्यात जमतात आणि ठरवतात की पेशंटला सांगायचं नाही. आम्हीही तेच केलं. आईला सांगितलं, साधी गाठ आहे, औषधाने विरघळेल. ती रोज विचारायची, "गो, माका काय झालाहा ता खरा सांग." मी हसून उशी नीट करायचे. एक दिवस टीचर्स रूममध्ये मी बाईंना विचारलंच, "तुमच्या शास्त्रात हे पाप आहे का हो?"

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुस्तक उघडून एका शब्दावर बोट ठेवलं. दोलोस. मराठी बायबलात त्याला कपट म्हणतात. येशूने नथनेल नावाच्या माणसाला येताना पाहिलं आणि याच्यात कपट नाही असं कौतुक केलं, तिथे हाच शब्द. येशूला गुपचूप धरायचा बेत झाला, तिथेही हाच. "पण त्याच्याही फार आधी," बाई म्हणाल्या, "जुन्या ग्रीकमध्ये दोलोस म्हणजे माशाला लावायचं आमिष. म्हणून मी खोटं दिसलं की एवढंच विचारते, मासा कुणाच्या ताटात पडतो? तुझ्या या खोट्याने पोट कुणाचं भरतंय, शैला? आईचं की तुमचं?"

मला राग आला. चहा अर्धा टाकून उठले. पण वर्गात फळ्यावर गणित लिहिताना समजलं की आईचं रडणं बघावं लागू नये, यासाठीच आम्ही भावंडं हे सगळं करत होतो. त्या संध्याकाळी मी आईला खरं सांगितलं. ती उठून बसली. मग म्हणाली, "मगे माका गावाक घेऊन चल." नेलं. फणस पिकेपर्यंत ती तिथे अंगणात बसायची, ज्यांच्याशी अबोला होता त्यांना हाका मारून बोलवायची. ते दिवस मला बाईंनी दिले. हे ऋण मी मिरवते.

गावाहून येताना बाबांचा मासे गरवायचा गळ घेऊन आले, कारण बाईंनी ग्रीकमधलं आमिष वाचलं होतं, पण खरा गळ जन्मात पाहिला नव्हता! नगरकडे पाण्याचीच मारामार, गळ कुठून असणार? बाईंच्या घरी मी कणकेची गोळी लावून दाखवली. "काटा पूर्ण झाकायचा," मी म्हटलं, "जरा दिसला तरी मासा फिरकत नाही." त्या लहान मुलीसारख्या बघत राहिल्या. मग त्यांनी कणीक काढून टाकली, गळ धुतला आणि दोऱ्याने खिडकीच्या गजाला बांधला. "असाच राहू दे. काटा दिसतोय तोवर भीती नाही."

गेल्या वर्षी बाईंचा रिपोर्ट आला, तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात अमोल उभा होता. डोळे सुजलेले. "शैलामावशी, मी तिला इन्फेक्शन आहे म्हणून सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा. तुमच्या पाया पडतो." मी मान डोलावली. घरी आल्यावर बाईंनी त्याला औषधं आणायला खाली पाठवलं आणि मला म्हणाल्या, "बोल." खिडकीत तो गळ लटकत होता. मी सांगून टाकलं. अमोलला कळलं तेव्हा तो ओरडला, "तुम्ही कोण लागून गेलात सांगणाऱ्या?" त्यानंतर मी गेले की तो बाहेर निघून जायचा. माझ्या आईचं मी सांगितलं होतं, तो माझा हक्क होता. पण दुसऱ्याच्या मावशीचं? त्यांचे उरलेले दिवस मी नासवले का? बाई गेल्यावर हाच प्रश्न घेऊन मी घरात फिरत होते.

मागच्या आठवड्यात अमोलचा फोन आला. "घरी या." गेले. त्याने चहा टाकला, पुढ्यात करंज्या ठेवल्या. कडा जाड, वाकड्यातिकड्या. "मावशीने शिकवल्या," तो म्हणाला. "तुम्ही सांगितल्यावर तिने मला समोर बसवलं. आई कशी गेली, ते आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. मग रोज काहीतरी सांगायची. आम्ही भांडलो काय, हसलो काय... इन्फेक्शनच म्हणत बसलो असतो तर मला यातलं काहीच मिळालं नसतं." मी देवाचे आभार मानले, बाईंच्याही देवाचे आणि माझ्याही.

मग कप खाली ठेवून त्याने विचारलं, "तुम्ही सांगितलंत त्या दिवशी... मावशी रडली का हो? मी आलो तेव्हा ती हसत होती."

नाही रे, अजिबात नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. पोराला तेवढाच दिलासा. त्याच्या मागे खिडकीत गळ तसाच होता, उघडा.

"रडल्या," मी म्हटलं. "खूप रडल्या. माझा हात धरून. तुझं नाव घेऊन."

अमोल माझ्याशेजारी येऊन जमिनीवर बसला. म्हणाला, "सगळं सांगा."