मलिद्याच्या संध्याकाळी आलेला उमेदवार

कॅनडात लेकीकडे गेले होते. वॉटर्लूला बसमध्ये चढवताना तिने बजावलं, "आई, तिकडे पॉलिटिक्स डिस्कस करू नकोस. काका पक्के कन्झर्व्हेटिव्ह आहेत." मी म्हटलं, मी मलिदा खायला चालले आहे.

डॅनियलकाका आणि शोशन्नामावशी अलिबागचे आमचे शेजारी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी ते विस्तवाला हात लावत नसत, म्हणून त्यांचा स्टोव्ह पेटवायला मला हाक यायची. मी शाळेत असतानाच ते कॅनडाला आले. टोरांटोच्या उत्तरेला त्यांचं विटांचं घर आहे. निवडणुकीचे दिवस होते; दारासमोर गवतात कन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराच्या नावाची निळी लॉन साइन (अंगणात रोवायची पाटी) होती.

"वैजू, जाडी झालीस गं!" मावशी म्हणाली. चाळीस वर्षांनी भेटल्यावर हे पहिलं वाक्य. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

काकांचं खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून नवसाचा मलिदा होता. मी नारळ खवला, मावशीने पोहे भिजवले. साखर, वेलची, सुकामेवा, वर पाच फळं. त्या वासाने मी थेट अलिबागच्या त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. खवताना मावशी हळूच म्हणाली, "आमची रूथ, कॅलगरीची नात. जूनमध्ये लग्न आहे तिचं. मुलीशी. हे जाणार नाही म्हणतात."

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथे ते लांबलांबून गाड्या काढून येतात, आणि काका ज्याला मत देतील त्यालाच बहुतेक सगळे देतात. हे पाटीवरच्या उमेदवारालाही ठाऊक असावं. प्रार्थना संपता संपता तो हजर झाला. उंच, हसरा गोरा माणूस. काकांनी त्याला टोपी दिली, ती त्याने नीट घातली आणि मलिदा दोनदा मागून घेतला.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विषय काढला. मुलामुलांच्या, मुलीमुलींच्या लग्नाबद्दल तुमचं काय?

तो म्हणाला, "माझ्या मते लग्न स्त्री-पुरुषाचंच. पण ते ओटावाच्या केंद्र सरकारने का ठरवावं? प्रत्येक प्रांताला ठरवू द्या." माना डोलल्या. काकांचीही.

"मग तिकडे अल्बर्टात, कॅलगरीला झालेलं लग्न इथे धरायचं की नाही?" मावशीने ताट हातात घेऊनच विचारलं.

"ते इथले, ओंटारियोचे लोक ठरवतील, मॅडम."

काकांची मान थांबली. मग ते बोलू लागले. त्यांची बहीण इस्रायलला गेली होती. तिचं लग्न एका इराकी ज्यू मुलाशी ठरलं, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी तिच्याकडे आजी-पणजी ज्यू असल्याचे पुरावे मागितले. "अलिबागेत आम्ही ज्यू, आणि बोटीतून उतरलो की नाही? पणजी काय कागद ठेवून गेली होती? वर्षभर रडत होती पोरगी." मग उमेदवाराकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "नातीचं लग्न मला पसंत नाही. पण विमानातून उतरल्यावर ते लग्न आहे की नाही, हे तिला कोणी विचारता कामा नये. माझं मत तुम्हाला नाही."

"अरे डॅनियल, टॅक्स तरी बघ!" मघाचे गृहस्थ कळवळले.

"टॅक्स तू बघ."

उमेदवाराने टोपी काढून परत दिली, हात मिळवला आणि गेला. मावशीने उरलेली फळं कापायला घेतली.

"म्हणजे जाणार तुम्ही लग्नाला?" मी विचारलं.

"मत वेगळं, लग्न वेगळं," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर अंगणातली पाटी गॅरेजमध्ये गेली होती.

पुढे मी कॅलगरीला जाऊन डोंगर पाहिले. रूथ भेटली, उंच, बडबडी, मावशीसारखी कमरेवर हात ठेवून बोलणारी. तिच्या मैत्रिणीने मला छान कॉफी पाजली. त्यापलीकडे मी काही विचारलं नाही.

अलिबागला परतले, आणि काकांच्या जुन्या घरावरून जाताना वाटलं, आपण एकमेकांच्या लग्नात नुसते जेवायला जायचो. कोणाचं लग्न कोणत्या नियमात बसतं, हे विचारायची पाळीच आपल्यावर आली नव्हती. ज्यांच्यावर आली, ते विसरत नाहीत.

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "वैजू, तू जाऊन आलीस ना कॅलगरीला? हे विचारतायत, तिकडे जूनमध्ये स्वेटर लागतो का?"

"लागतो," मी म्हटलं. "संध्याकाळी लागतोच."