रुक्माईला माहेरचा सांगावा

देवाचा कंटाळा येतो, हे वाक्य लिहितानाही मला जरा धाकधूक वाटते. पण मला आला होता. तो एका दिवसात आला नाही, आणि आला आहे हे बरेच दिवस माझ्या लक्षातही आलं नाही. मोठं संकट कोसळलं की माणूस एकतर देवाला घट्ट धरतो, नाहीतर त्याच्याशी कडाडून भांडतो, असं मी ऐकून होते. माझं दोन्ही झालं नाही. मला नुसतं नकोसं झालं. भांडण परवडलं असतं, त्यात निदान बोलणं तरी असतं.

माझं माहेर कौंडण्यपूरच्या अलीकडचं, वर्धा नदीच्या काठचं. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, त्यामुळे आमच्याकडे ती गावची लेक आधी आणि देवी नंतर. आमच्या घरात एक रीत होती, ती मला माझ्या मोठ्या काकूने लावली. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा आणि सासरी गेलेल्या रुक्माईला माहेरचा सांगावा द्यायचा. ‘रुक्माई, माहेरचा सांगावा ऐक,’ अशी सुरुवात. मग दिवसभरातली एखादी बातमी. नदीला पाणी आलं, गाय व्याली, कपाशीला बोंडं धरली, कोणाच्या तरी पोरीचं जमलं. शेवट ठरलेला, ‘घरी सारं खुशाल हाय, बाई. काळजी करू नोको.’ नियम एकच होता, पण कडक. वाईट बातमी सांगायची नाही. लेक लांब आहे, तिला उठून येता येत नाही, मग तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा. काकूच्या घरात तुरीच्या कोठीला कीड लागली, त्या संध्याकाळीही तिने रुक्माईला परसातली मेथी कशी छान उगवली ते सांगितलेलं मला आठवतं.

लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा ही रीत मी सोबत आणली. माहेरच्या बातम्या आधी पत्रातून, मग फोनवरून मिळायच्या, त्या मी संध्याकाळी पुढे पोचवायचे. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. देवधर्माशी त्यांचं वैर नव्हतं आणि फारसं सख्यही नव्हतं. मी दिवा लावायला उठले की ते पेपर घेऊन खुर्चीत बसायचे, आणि माझं आटोपलं की पेपराआडून विचारायचे, “झालं का टपाल रवाना?” मी म्हणायचे, “झालं.” त्यावर ते, “पोचपावती आली का?” परमार्थाच्या बाबतीत आमच्या दोघांचं बोलणं एवढंच. इतकी वर्षं झाली, पण हा विनोद त्यांना कधी जुना वाटला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो ऐकल्याशिवाय दिवा लावल्यासारखं वाटायचं नाही.

ते निवृत्त झाले, आणि पुढच्याच हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. लकवा. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय हळूहळू वळणावर आला, हातात थोडी धुगधुगी आली, पण वाचा आली नाही. त्यांना सगळं कळायचं. शब्द तोंडापर्यंत यायचा आणि तिथे त्याचं ‘हं हं’ व्हायचं. कोणी सुचवलं म्हणून आम्ही अमरावतीला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे जाऊ लागलो. त्या गायीचं, घड्याळाचं, तांब्याचं चित्र दाखवायच्या, तोंडाच्या हालचाली करून दाखवायच्या. सुरुवातीला हे घाम येईपर्यंत धडपडायचे. नंतर चित्र पुढे आलं की मान वळवायला लागले. आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं उघडून बसलेल्या माणसाला गाय म्हणजे गाय हे सांगता येऊ नये, याची त्यांना लाज वाटत होती. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “यांनी प्रयत्नच सोडला तर पुढे अवघड आहे. काहीही करा, पण यांना बोलायची इच्छा होऊ द्या.” परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले होते. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि या माणसाचा आवाज मला आता पुन्हा ऐकू येणार नाही, हे माझ्या मनात पक्कं झालं.

घरात ही अशी स्थिती, आणि संध्याकाळी मी उभी राहून सांगणार काय, तर सारं खुशाल आहे. पहिले काही आठवडे म्हटलं. मग बातमी गळाली, नुसती सुरुवात आणि शेवट उरला. मग तेही तोंडातल्या तोंडात. मन तिथे नसायचंच, ते औषधांच्या वेळांमध्ये फिरत असायचं. पुण्याहून मुलगा आणि सून आले होते. माझी ओढाताण बघून सुनेने प्रेमाने एक विजेची समई आणून दिली. प्लग लावला की ज्योत हलल्यासारखी दिसते, तेल नको, वात नको. मी ती देवापुढे लावली आणि बटण बंद करायचंच सोडून दिलं. दिवा दिवसरात्र चालू, त्यामुळे लावायचा प्रश्नच उरला नाही, आणि लावायचा नाही म्हणून सांगावाही नाही. खोटं बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेव्हा ती मला अगदी प्रामाणिकपणाची वाटली होती.

उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका संध्याकाळी लाइट गेली, कूलर थांबला, देवापुढची समईही विझली. यांची खाट मी मागच्या दाराशी वाऱ्याला ओढून दिली आणि अंगणात येऊन उभी राहिले. पलीकडे नसीमबींचं घर. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि आमचं मधल्या भिंतीवरून वाटीभर साखर, कढीपत्ता असं जाणं-येणं बरंच जुनं. अजान होऊन गेली होती. नमाज आटोपून त्याही हवा खायला बाहेर आल्या.

“भाबी, एक गोष्ट पुसू का?” त्या म्हणाल्या. “तुमचा शामच्या वक्ताचा आवाज येऊन नाही राहिला आजकाल. कावून?”

मी म्हटलं, “मनच लागत नाही. काय सांगू?”

“मन लागनं तवाच उभं राहावं म्हटलं, तर माह्या अर्ध्या नमाजा तशाच गेल्या असत्या,” त्या सहज बोलून गेल्या. “आपुन आपल्या वक्तावर उभं राहावं. मनाले यायचं तर येते मांगून. नाही आलं तं नाही आलं.” मग भिंतीवर कोपर टेकून त्यांनी आवाज खाली आणला. “अन् तुमच्या भावाच्या विहिरीले पाणी लागलं का नाही? तुमी अर्ध्यातच बंद केलं. मले इतके दिवस झोंबून राहिलं.”

माझ्या भावाने माहेरच्या शेतात विहीर खणायला घेतली होती, ते मी रुक्माईला सांगितलं होतं. नसीमबींनी माझं माहेर कधी पाहिलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना भिंतीपलीकडून त्यांनी तिथली गाय, नदी, लग्नं, सगळं ऐकलं होतं. “लागलं पाणी,” मी म्हटलं. “गोड लागलं.” “अल्ला का शुकर,” म्हणत त्या आत गेल्या.

घरात अंधार पडला होता. मी जुनी पितळी समई फडताळातून काढली ती भक्तीने नाही, उजेडासाठी. तेल घातलं, वात घातली, दिवा लावला. लावल्यावर पाय तिथून हलेनात. सवयीने हात जोडले गेले आणि तोंडातून निघालं, “रुक्माई, माहेरचा सांगावा ऐक.” विहिरीला पाणी लागल्याचं सांगितलं. पुढे ते वाक्य आलं आणि मी अडले. काही केल्या म्हणवेना. मग काकूचा नियम मी पहिल्यांदा मोडला. “सारं खुशाल नाही, बाई,” मी म्हटलं. “यायले बोलता येत नाही. यायनं बोलायचं सोडून देल्लं. अन् मले तुयाशी बोलावंसं वाटत नाही. आता तू पाह्य काय करायचं ते.” एवढं बोलून मी रडायला लागले. महिनोन्‌महिने रडले नव्हते.

पाठीमागे खाट करकरली. हे डाव्या हातावर जोर देऊन उठून बसले होते. ओठ हलत होते, मान ताठ झाली होती. मी पुढे जायला लागले तर त्यांनी डाव्या हाताने थांबवलं. आणि जाड, ओढलेल्या, पण त्यांच्याच आवाजात शब्द आले, “काळ-जी... करू... नोको.” थोडं थांबून पुन्हा, सलग, “काळजी करू नोको.”

ते मला म्हणाले की माझ्या वतीने रुक्माईला, हे मी कधी विचारलं नाही. लाइट आली, कूलर धडधडायला लागला, विजेची समई पेटली. मी उठून तिचा प्लग काढला.

पुढे कितीतरी दिवस त्यांच्याजवळ तेवढंच एक वाक्य होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांसाठी वापरलं. दूधवाल्याला तेच, मुलाच्या फोनवर तेच. डॉक्टरांनी रक्तदाब मोजून कपाळाला आठ्या घातल्या तेव्हा त्यांनाही यांनीच धीर दिला. अमरावतीच्या बाई खूप हसल्या. रोज कानावर पडलेलं कुठेतरी खोल टिकून राहतं, ठरावीक वाक्य असं कधी कधी आधी बाहेर पडतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते बरोबरच असणार. मला एवढंच वाटलं की ते त्याच संध्याकाळी बाहेर पडलं, आणि ज्यांनी कधी हात जोडले नाहीत त्यांच्या तोंडून. जे शब्द मी कोरडेपणाने, घाईत, फोडणीकडे लक्ष ठेवून म्हटले होते, ते फुकट गेले असं मी धरून चालले होते. पेपराआडून ते कोणी जपून ठेवले, मला माहीत नाही. तिची कृपा, एवढंच म्हणू शकते.

आता बरेच शब्द परत आले आहेत, काही यायचे आहेत. मन अजूनही रोज लागत नाही, ते मी मनावर घेत नाही. वेळ झाली की उठते. बातमी चांगली असो वाईट असो, खरी सांगते, आणि पलीकडे नसीमबींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते. शेवटचं वाक्य मात्र मी आता म्हणत नाही. तिथे येऊन थांबते. ते यांचं आहे. कधी चटकन येतं, कधी ओठ नुसते हलत राहतात आणि फार वेळ लागतो. मी मध्ये सुचवत नाही, मागे वळून बघत नाही. दिव्यात तेल पुरेसं घातलेलं असतं.