दौंड, मांडवगण, इनामगाव : माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण

जन्मठेप भोगून आलेल्या माणसाचं गावात पुढं काय होतं, यावर मी पीएच.डी. करणार म्हटल्यावर दौंडच्या आमच्या रेल्वे चाळीतल्या शेजारीण काकूंनी विचारलं, "म्हंजी पोलिसात जानार का तू?" सत्तरच्या दशकात गुन्हेगारीशास्त्र हा शब्दच नवा होता. चाळीतली मी पहिली एम.ए.

शिक्षा भोगून आलेल्या एकाच्या मुलाखतीसाठी सकाळच्या एसटीनं मांडवगण फराट्याला निघाले. रस्ता खडबडीत, दोन्ही बाजूंना ऊस. स्टँडवरच्या हॉटेलात भजी आणि चहा घ्या, पुढं काही मिळत नाही.

बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचा खून करून शिक्षा भोगलेले आप्पा मळ्यातच भेटले. माझे चाळीस प्रश्न त्यांनी मुकाट ऐकून घेतले.

"बाई, हितं समदं माझंच इचारलंय. तिचं काय?"

"कुणाचं, आप्पा?"

"ज्याला मारला त्याच्या बायकूचं. इनामगावात ऱ्हाती, माहेरी."

दोन वर्षं खपून केलेल्या प्रश्नावलीत ती बाई कुठंच नव्हती.

इनामगावची गाडी चुकली, म्हणून चालतच निघाले. घोडनदीकाठी तेव्हा जुन्या वस्तीचं उत्खनन चालू होतं. आप्पांनी सांगितलेल्या त्या बाई, सोनाबाई, दारात शेंगा फोडत होत्या.

"खड्डे खांदनाऱ्यातल्या का तुम्ही?"

"नाही मावशी. तुमच्याशी बोलायला आलेय."

कशाबद्दल ते सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"कोर्टात इचारलं, कुऱ्हाड कुठं लागली. लेकीला घिऊन मी कशी जगले, ह्ये कुनी इचारलं न्हाई. त्यो सुटला ह्येबी मला बाजारात समोर दिसला तवा कळलं."

प्रश्नावली पिशवीत टाकली आणि कोऱ्या वहीत लिहीत राहिले. दुपार टळेपर्यंत त्या बोलल्या. मग भाकरी आणि शेंगांची आमटी वाढली.

शिरूरमार्गे पुण्याला जाऊन मार्गदर्शक सरांना वही दाखवली.

"हे विषयाबाहेर जातंय."

"सर, आतापर्यंत विषयच अर्धा होता."

त्यांच्यापुढं मी एवढं ठाम पहिल्यांदाच बोलले. चार महिने हट्ट धरला, अशाच आणखी अकरा बायकांना भेटले, तेव्हा ते पाचवं प्रकरण म्हणून प्रबंधात राहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न पाचव्या प्रकरणावरच विचारला. मी कागदाकडं न बघता अर्धा तास बोलले.

दौंडला परतल्यावर आईनं विचारलं, "डॉक्टर झालीस, आता कुणाला तपासणार?" खूप हसलो. पण त्या प्रवासातलं खरं कमावलेलं काय, ते मला ठाऊक आहे : ज्या बाईला कुणी विचारलं नव्हतं, तिला मी विचारलं.