दंडावरची पट्टी

सोलपासून लांब, उईसॉन्गकडच्या गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरनं हाक मारतात. आनग्येहून आली ती आनग्येवाली, कुमसॉन्गहून आली ती कुमसॉन्गवाली. बाईचं खरं नाव ओल्या छत्रीसारखं सासरच्या दाराबाहेरच राहतं. बुनही गावातच जन्मली आणि गावातच राहिली. कुठून आलीच नाही, तर तिला म्हणायचं काय? तिच्याहून धाकट्या सुना कुठल्या कुठल्या ‘वाली’ होऊन म्हाताऱ्या झाल्या, नातवंडांच्या आज्या झाल्या. ही आपली अठ्ठावन्नाव्या वर्षीही नुसती बुनही.

तिला स्थळं आली नव्हती असं नाही. रंगानं उजळ, हाताची चलाख, लसणाच्या वेण्या अशा घालायची की बाजारात व्यापारी आधी तिच्याच ढिगाशी थांबायचे. पण तिच्या मनातून लग्न फार लवकर उतरलं होतं. दहा वर्षांची असतानाच.

बुनहीच्या बापाच्या घरात वर्षाला अकरा पितर जेवायला यायचे, सणावाराचे वेगळे. सगळे बापाकडचे. आदल्या दिवसापासून आई तळणीपुढं बसायची. माशाचे काप, टोफू, कोबीची धिरडी. तेलाच्या वासानं तिला जेवण जायचं नाही. बुनही थंड पाण्यात भाजी निवडायची, बोटं बधिर होईस्तोवर. मग मांडलेल्या नैवेद्यापुढं सगळे पुरुष रांगेनं उभे राहायचे, आणि त्यांच्यात तिचा चुलतभाऊ तोकसू, सहा वर्षांचा, नाक ओठावर आलेलं, डोकं टेकवायला सगळ्यांत पुढं. आई आणि ती स्वयंपाकघराच्या फटीतून बघायच्या. घरात मुलगा नाही, दोन्ही मुलीच, म्हणून बापानं धाकट्या भावाचा हा तोकसू कागदावर आपला करून घेतला होता. पितरांना पाणी देणारा कुणी तरी हवा.

सतराव्या वर्षी ती तेगू शहरातल्या कापडगिरणीत गेली. ती वर्षं आठवली की अजून तिच्या तोंडाला पाणी सुटतं, कारण आठवणीत आधी येतात ती भाजलेली रताळी. वसतिगृहाच्या एका खोलीत आठ जणी. रविवारी कुणीतरी रताळी आणायची, आणि ती ज्या कागदात बांधलेली असत तो वर्तमानपत्राचा तुकडा जोमसुन मोठ्यानं वाचून दाखवायची. जोमसुन समुद्राकाठची, आवाज असा की यंत्रं चालू असतानाही ऐकू यायचा. संपाच्या वेळी फाटकावर पहिली उभी हीच. ती म्हणायची, गिरणीत तीन पाळ्या आहेत, लग्न केलं की चौथी लागते, तिला पगार नाही आणि सुट्टीही नाही. आठही जणी पांघरुणात तोंड खुपसून हसायच्या. मग एका रविवारी आठही जणींनी रताळ्याच्या सालांवर हात ठेवून शपथ घेतली की लग्न करायचं नाही. सात जणींनी पुढं केलं. जोमसुनची पत्रिका आली त्या दिवशी बुनही कामावर गेली नाही. आयुष्यात नवऱ्यानं दगा द्यायची सोय तिनं ठेवलीच नव्हती, तो दगा जोमसुननं दिला.

बाप गेला आणि ती गावी परतली. त्या सुतकात कर्ता होता तोकसू. बावीस वर्षांचा बाप्या, तागाचे कपडे घालून काठीवर वाकलेला. आई आणि दोन्ही मुली मागं, पडद्याआड. तीन दिवस शे-सव्वाशे माणसांचं रांधलं त्यांनी, आणि दिलासा सगळ्यांनी तोकसूला दिला.

नंतर आईनं तिच्यामागं लग्नाचा लकडाच लावला. एकदा आनग्येच्या कॉफीच्या दुकानात बसचा चालक बघायला आला. सोन्याचा दात होता. त्यानं विचारलं की आमच्याकडं वर्षाला सात पितर असतात, झेपतील ना? बुनहीनं विचारलं, तुम्हाला तळता येतं का? तो समजला, पोरगी विनोदी आहे. तिनं आपल्या कॉफीचे पैसे दिले आणि चालत घरी आली. आईनं केरसुणी काढली.

“मेल्यावर भूत होशील, टवळे. बिनलग्नाची बाई झाडावर लटकती.”

“लटकीन. ज्यांचं तोंड कधी बघितलं न्हाई त्या मढ्यांसाठी मरूस्तवर तळत बसण्यापरीस झाड बरं.”

पण केरसुणी काही कायम उगारलेली राहत नाही. वर्षं गेली तशा दोघी एकमेकींच्या सवयीच्या झाल्या. पावसाळ्याआधी लसूण काढायचा, माळ्यावर टांगायचा, थंडी पडायच्या आत पुन्हा लावायचा. हिवाळ्यात खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून कोबीचं धिरडं हातानं फाडून खायचं आणि टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासवांना शिव्या द्यायच्या. आईच्या शिव्या जास्त रसरशीत असत, तिला अनुभव होता. एका सणाच्या संध्याकाळी, पाहुणे पांगल्यावर, आई सुजलेले पाय चोळत म्हणाली होती, “तू केलंस ते बरं केलंस आसं मी म्हणणार न्हाई. पण घरात हायेस ते बरं हाय.” बुनहीला त्याहून मोठं प्रशस्तिपत्र कधी मिळालं नाही, आणि तिनं मागितलंही नाही.

धाकट्या बहिणीची मुलगी सेयॉन सोलहून यायची, डोक्यावरचे केस मुलासारखे कापलेले. तिकडं आता पोरींनी चार नकार ठरवलेत, ती सांगायची. प्रेम नाही, लग्न नाही, अंथरूण नाही, लेकरू नाही. त्याला नावसुद्धा आहे. बुनही म्हणाली की आमच्या वेळी याला नाव नव्हतं, शिवी होती. आणि चार कशाला, मला एकच पुरला. आजी कानानं कमी ऐकायची, तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं, आजारपणात गेले का गं केस?

आई गेली सत्त्याऐंशीव्या वर्षी, सकाळी, लसूण लावून झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. बुनहीनं भरवलेला पेजेचा पहिला चमचा तिनं घेतला आणि दुसरा घेतला नाही.

तालुक्याच्या गावातल्या अंत्यविधीच्या हॉलवर माणसं जमली. बहीण रडत होती. काळ्या सुटातला कारकून अर्ज घेऊन आला आणि कर्ता कोण म्हणून विचारलं, पण विचारताना बघितलं पुरुषांकडंच. काका, तोकसूचे जन्मदाते, ऐंशी वर्षांचे, कुळातले वडीलधारे. त्यांनी तोकसूला पुढं केलं. कारकुनानं दोन रेघांची पट्टी काढली आणि तोकसूच्या काळ्या बाहीवर पिन लावून टाकली. कर्त्याला दोन रेघा, बाकीच्या पुरुषांना एक, बायकांना केसांत पांढरी क्लिप. बुनहीनं आपली क्लिप हातात धरून ठेवली. बत्तीस वर्षांपूर्वीचा पडदा तिला दिसत होता. आता परत त्याच्यामागं जायचं, आणि या खेपेला आईला एकटीला पुढं सोडून.

“मयताचं नाव?” कारकुनानं तोकसूला विचारलं.

तोकसूनं बापाकडं बघितलं. काका खाकरले. “माहेरच्या क्वोन घराण्यातली. आनग्येवाली लिवा, कुणालाबी कळंल.”

“पाटीवर नाव लागतं, आजोबा.”

चोपन्न वर्षं तोकसू या काकूच्या हातचं जेवला होता. त्याचं कपाळ घामानं डबडबलं. काकूला नाव असणार हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“क्वोन सोबुन,” बुनही म्हणाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आई म्हाताऱ्यांच्या साक्षरता वर्गात गेली होती. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिनं चाळीस वेळा ते नाव काढलं होतं, जीभ दातांत धरून, आणि विचारलं होतं, ही मीच का? “सोबुन. आन् कर्त्याच्या जागी माझं नाव घाला. मी थोरली हाय.”

काकांनी हातातली काठी आपटली नाही, नुसती घट्ट धरली. “बिनलग्नाच्या बाईनं कर्ता व्हायचं? वाट तरी सापडंल का माझ्या वहिनीला? तिनंच शंभरदा सांगितलंय, माझं तोकसू करील म्हणून. न्हाई म्हण.”

बुनहीला न्हाई म्हणता येईना. आई तसं म्हणायचीच. सेयॉन मध्ये पडली, आजीला दुसरं काही असू शकतं हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून म्हणायची. बुनहीनं तिला हातानंच थांबवलं.

“म्हणायची. खरं हाय, काका. मी भूत होईन आसंबी म्हणायची. आईचं सगळंच ऐकलं असतं, तर आज मी कुणाच्या तरी सासूला पेज भरवत बसले असते. मग हिला कुणी भरवली असती?”

तोकसूनं स्वतःच बाहीवरची पिन काढायला घेतली. ती बोटात टोचली.

“मोठे काका गेले त्या वक्ताला मला उभ्या उभ्या झोप लागली व्हती, आक्का,” तो हळूच म्हणाला.

“ठावं हाय. पिऊन आला व्हतास.”

तिनं पट्टी आपल्या दंडावर चढवली. कारकुनानं जुना अर्ज फाडून नवा घेतला. काका जाऊन जेवणाच्या खोलीत पाठ करून बसले. दुपारी त्यांनी तिखट रश्श्याच्या दोन वाट्या संपवल्या, पण पाठ वळवली नाही. त्यांच्याकडची चार माणसं चपला घालून निघून गेली, ती परत आली नाहीत.

तीनच्या सुमाराला गावच्या म्हाताऱ्या गाडी करून आल्या. तसबिरीपुढं दोनदा नमस्कार झाले आणि मग त्या घोटाळल्या. आता कर्त्याकडं तोंड करून तिसरा नमस्कार घालायचा, पण कुणाकडं? तोकसू तर एका बाजूला उभा. पुढं कुमसॉन्गवाली होती, आईची साठ वर्षांची मैत्रीण, बुनहीला लहानपणापासून टवळी म्हणणारी. तिनं पट्टीकडं बघितलं. मग बुनहीकडं. मग दुखरा गुडघा हातानं धरून ती सावकाश खाली बसली आणि तिनं कपाळ जमिनीला टेकवलं. समोर बुनहीनंही टेकवलं. उठायला दोघींनाही वेळ लागला.

“फार मोठं दुःख आलं तुमच्यावर,” कुमसॉन्गवाली म्हणाली. तुमच्यावर, असंच म्हणाली. पाठीमागच्या प्रत्येक म्हातारीनं तेच शब्द म्हटले आणि प्रत्येकीसाठी बुनही बसली, वाकली, उठली.

पाचपर्यंत तिचे गुडघे सुजले. सेयॉननं विचारलं, थोडा वेळ तोकसूमामाला उभं करू का? बुनहीनं मान हलवली. बाहेर कुणीतरी जोडे काढत होतं. ती भिंतीला हात लावून उठली आणि पट्टी सरळ केली.